मिल्काबाईंचा मलिदा

बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू, बायकांसाठी यंदा पुण्यात नेतृत्वाचा सहा महिन्यांचा वर्ग सुरू झाला, तेव्हा ओफिरा नवगावकरनं पहिल्याच दिवशी नाव दिलं. विश्रांतवाडीत राहणारी, आयटी कंपनीत काम करणारी सव्वीस वर्षांची ओफिरा कामाला वाघ होती. वर्गातल्या प्रत्येकीला समाजातली एक अनुभवी बाई मेंटॉर म्हणून मिळणार होती. ओफिराच्या वाट्याला सिप्पोरा दिवेकर आल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि महिला मंडळाच्या माजी सेक्रेटरी. आवाज असा की आजही रस्त्यातली मुलं सरळ चालायला लागत.

प्रत्येकीनं समाजासाठी एक काम करायचं होतं. ओफिरानं सिनेगॉगला येणं सुटलेल्या वयस्कर बायकांना पुन्हा आणायचं ठरवलं आणि चाळीस प्रश्नांचा फॉर्म बनवला.

सिप्पोरांनी तो वाचला. "यातला एकोणतिसावा प्रश्न मला विचारलास तर मी दार लावून घेईन."

"मग काय करू, आंटी?"

"फॉर्म घरी ठेव. माझ्याबरोबर चल. चहा पी आणि ऐक."

दोन रविवार त्या फिरल्या. कुणाला रिक्षात चढता येत नव्हतं, कुणाला सोबत नव्हती. ओफिरानं गाडीची सोय ठरवली, सोबतीला वर्गातल्या मैत्रिणी दिल्या. सात जणी तयार झाल्या. यादीत शेवटचं नाव राहिलं, नाना पेठेतल्या मिल्काबाई झिराडकरांचं.

त्यांच्या इमारतीखाली आल्यावर सिप्पोरा थांबल्या. "तू जा वर. माझे गुडघे दुखतायत."

ओफिराला नवल वाटलं. तासाभरापूर्वीच बाई तीन मजले न थांबता चढल्या होत्या, आणि इथे तर पहिलाच मजला होता.

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मिल्काबाईंनी तिला प्रेमानं बसवलं, चहा दिला. गाडीचं बोलणं निघताच मात्र त्यांचा चेहरा बदलला.

"पायांचं काही नाही गं. मंडईत मी रोज चालत जाते. तीस वर्षं समाजाच्या प्रार्थनेचा मलिदा मी केला. पोहे भिजवण्यापासून खोबरं खवण्यापर्यंत सगळं. एका वर्षी असेच पोहे भिजवून बसले होते आणि निरोप आला, यंदा केटररला दिलंय. मला आधी कुणी विचारलंसुद्धा नाही. त्या भिजलेल्या पोह्यांचं काय करायचं, हेही नाही."

"कुणी ठरवलं होतं?"

"तेव्हाच्या सेक्रेटरीनं."

ओफिरानं कप खाली ठेवला. आता सिप्पोरांचे गुडघे कशानं दुखत होते ते तिला समजलं. खाली जाऊन काही न बोलता घरी निघून जावं, असं तिला क्षणभर वाटलं. आपल्याच मेंटॉरला, एवढ्या मोठ्या बाईला काय सांगायचं? पण जिना उतरेपर्यंत तिचं ठरलं.

"आंटी, वर चला."

"सांगितलं ना, गुडघे..."

"त्यांनी मला पोह्यांचं सांगितलं."

सिप्पोरांनी रस्त्याकडे तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, "तुझी मेंटॉर मी आहे की माझी तू?"

"आजच्यापुरतं ते राहू दे."

सिप्पोरा जिना चढल्या, पण फार सावकाश. दारात दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या.

"मिल्का, माझं चुकलं. तुझा त्रास वाचेल असं वाटलं होतं मला. विचारायला हवं होतं."

"एवढं सांगायला अकरा वर्षं लागली?"

"गुडघे दुखतात."

मिल्काबाईंच्या तोंडून हसू फुटलं आणि ते आवरेना. सिप्पोराही हसल्या, मग डोळे पुसायला लागल्या. ओफिरा उगाच खिडकीबाहेर बघत राहिली. खालच्या मजल्यावरची आम्रपाली, जी मिल्काबाईंची औषधं आणून देत असे, आवाज ऐकून काय झालं ते बघायला वर आली आणि तिलाही चहा मिळाला.

महिन्याभरानं सिनेगॉगच्या हॉलमध्ये एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा आणि फळांचा नैवेद्य, झाला. केटररला सुट्टी. वर्गातल्या बारा मुली बाह्या सरसावून बसल्या आणि मिल्काबाई खुर्चीवरून हुकूम सोडत होत्या. "पोहे दाबू नकोस, ते काय कपडे आहेत? वेलची शेवटी घाल." सिप्पोरांकडे खोबरं खवायचं काम होतं आणि त्या निमूटपणे खवत होत्या. आम्रपाली फळं चिरत होती. गाडीतून आलेल्या सात जणी बाजूला बसून चुका काढत होत्या, आणि सगळ्यांत जास्त मजा त्यांनाच येत होती.

प्रार्थना झाली, ताटं भरली गेली. वर्ग घेणाऱ्या बाईंनी ओफिराच्या कामाचं कौतुक केलं. ती लाजून काहीतरी पुटपुटली.

मिल्काबाईंनी तिला जवळ बोलावलं. "तुमच्या त्या वर्गाला वयाची अट आहे का?"

"नाही, आजी."

"मग पुढच्या वेळी माझं नाव घाल. आणि मेंटॉर म्हणून मला तू हवीस."

सिप्पोरा शेजारीच होत्या. "जपून गं," त्या मिल्काबाईंना म्हणाल्या, "पोरगी जिने चढायला लावते."