अकरा सालची डी

रामगोंडा अण्णांनी भिंग डोळ्याला लावलं, नाणं उलटं केलं, आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गरुडाच्या पायाशी बाणांचा जुडगा होता, टोकं होती. टोकांच्या शेजारी जे एवढंसं इंग्रजी डी अक्षर असायला हवं होतं, ते नव्हतं. त्यांनी भिंग पुसलं, खिडकीशी गेले, पुन्हा पाहिलं. नव्हतंच.

अण्णा सांगलीचे, हळदीचे व्यापारी. दारू नाही, तंबाखू नाही, मंदिर चुकवलं नाही. नाद एकच, अमेरिकेच्या अडीच डॉलरच्या सोन्याच्या नाण्यांचा. नखाएवढं नाणं. त्यावर पिसांचा टोप घातलेला तिथला मूळचा माणूस, आणि चित्र वर उठलेलं नाही तर आत कोरल्यासारखं खोल गेलेलं. १९०८ ते १९२९ या काळात सालं आणि टाकसाळी धरून अशी पंधराच नाणी निघाली. ती पंधरा जमवायला अण्णांची एकोणतीस वर्षं गेली. त्यातही १९११ चं, डेन्व्हर टाकसाळीचं, डीची खूण असलेलं नाणं म्हणजे मोठी दुर्मीळ चीज. ते पाचगणीच्या एका म्हाताऱ्या पारशिणीकडे निघालं. तिच्या घरी अण्णांनी सहा वर्षं खेपा घातल्या, तेव्हा कुठे तिने ते विकलं. घरात सोन्याची नाणी बाळगायला सरकारची बंदी होती तोवर ही मालिका हळदीच्या पोत्यांमागे दडून राहिली. नव्वद साली कायदा उठला, आणि अण्णांना वाटलं, आता आपला नाद उजेडात आणावा.

त्यांनी तो उजेडात आणला, आणि सुमंताच्या हातात दिला.

सुमंत साताऱ्याचा. वयाने पंधरा वर्षांनी लहान, बोलायला गोड, आणि नाद तोच. त्याच्याकडे चौदा नाणी होती. नव्हती ती फक्त अकरा सालची डी. साताऱ्यात प्रदर्शन भरवतो म्हणाला, आठ दिवसांसाठी नाण्यांची पेटी घेऊन गेला. नवव्या दिवशी स्वतः आणून दिली, पुरणपोळीवर तूप मागून घेतलं, वाकून नमस्कार केला आणि दुपारच्या गाडीने गेला. नमस्कार करताना तरी त्याची मान अवघडायला हवी होती!

"गुणमाला! नाणं बदललंय त्यानं!" अण्णा ओरडले.

गुणमालाबाई पदराला हात पुसत आल्या. त्यांनी ते तळहातावर झेललं. "आवं, अकरा सालचंच हाय की. सोन्याचं न्हाई का हे?"

"सोन्याचंच हाय."

"वजनाला कमी हाय?"

"न्हाई."

"मग गेलं काय?"

पोलीस ठाण्यात हवालदाराने हाच प्रश्न विचारला आणि वर चहा पाजला. ओळखीच्या सराफाने नाणं कसोटीवर घासायला घेतलं, तेव्हा अण्णांनी त्याच्या हातातून ते हिसकावलं. सगळ्या गावाला सोनं कळत होतं, नाणं कुणाला कळत नव्हतं. चोरीला गेलेली म्हैस माणूस गावभर शोधतो. अण्णांची म्हैस गोठ्यातच उभी होती, आणि ती आपली नाही हे त्यांनी कुणाला आणि कसं पटवायचं?

तिसऱ्या दिवशी अण्णा ते बदललेलं नाणं खिशात घालून साताऱ्याच्या गाडीत बसले.

सुमंताच्या बैठकीत भिंतीवर काचेची चौकट होती. काल-परवापर्यंत तीत एक भोक रिकामं असायचं. आज पंधरा भोकांत पंधरा नाणी होती. अकरा सालचं बिनखुणेचं नाणं तसं सहज मिळतं; तसलं एक जादा विकत घेऊन त्याने अण्णांच्या पेटीत सरकवलं होतं. त्याने ती लपवलीसुद्धा नव्हती. नादाला लाज नसते.

"अण्णा, या की! न कळवता?" सुमंत उठला.

"पंधरावं कुठनं आणलंस?"

"मुंबईहून. एका सिंधी व्यापाऱ्याकडून."

"माझ्या घरी जेवलास रं, सुमंता!" अण्णांचा आवाज असा चढला की समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली. "माझ्या बायकोच्या हातचं खाल्लंस आणि माझ्याच पेटीत हात घातलास? चोर हायस तू!"

सुमंत लालबुंद झाला, पण त्याची जीभ जागेवर होती. "मी पेटीत हात घातला म्हणता? मग पेटीत काय कमी आहे, सांगा. पंधरा नेली, पंधरा दिली. सालं तीच, वजन तेच. म्हातारपणी माणसाला संशयाचं वेड लागतं, लोकहो!" दारात जमलेले लोक हसले, तसा त्याला जोर चढला. त्याने चौकटीतलं नाणं काढलं. "चला पेठेत. तराजूच काय तो निकाल देईल. चार लोकांसमोर."

चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! अण्णाही हट्टाला पेटले. पाच-सहा रिकामटेकडे मागून आले.

पेठेत बिराप्पाचं गलाईचं दुकान होतं. बिराप्पा विट्याकडचा; सोनं आटवण्यात त्याचा जन्म गेला होता. त्याने नुकतीच एक लगड ओतून काढली होती, आणि भट्टीत सोनं वितळवायची मूस रिकामीच लालभडक तापून होती. त्याने दोन्ही नाणी काट्याच्या दोन पारड्यांत घातली. काटा थोडा हलला आणि मधोमध उभा राहिला.

"गुंजंचा बी फरक न्हाई," बिराप्पा म्हणाला. "दोन्ही सारखीच."

"ऐकलंत?" सुमंताने हात पसरले. "सोन्यासारखं सोनं आहे. आता माफी मागा."

लोक माना डोलावू लागले. एक जण तर म्हणाला, "म्हातारबा, द्या सोडून." अण्णांना त्या माना डोलावणाऱ्यांच्या एकेक करून थोबाडीत मारावंसं वाटलं. ते पुढे झाले आणि दोन्ही पारड्यांतली नाणी त्यांनी उचलली.

"सारखीच हायत न्हवं? सगळे साक्षी हायसा?"

"व्हय," लोक म्हणाले.

"मग आटव दोन्ही. निम्मं त्याला, निम्मं मला. भांडण मिटलं."

"अहो, काहीतरीच काय?" सुमंत पुढे सरकला. "नाणं आहे ते!"

"आता नाणं झालं व्हय? मगापासनं सोनंच हुतं न्हवं?"

आणि अण्णांनी ती दोन्ही मुशीत टाकली.

कुणाला काही कळायच्या आत झालं ते. सुमंत किंचाळला. बिराप्पाने सांडशी उचलली आणि मुशीत वाकून पाहिलं. "अण्णा, चित्र अजून दिसतंय. काढू का?"

"काढ, काढ लवकर!" सुमंत ओरडला.

"थांब," अण्णा म्हणाले. "आधी ह्यानं सांगू दे. डीचं नाणं कुणाचं?"

सुमंताने दारातल्या लोकांकडे पाहिलं, मुशीकडे पाहिलं. कबूल करावं तर गावात तोंड काळं, न करावं तर नाणं जातंय. तो हिशेब करत उभा राहिला, आणि अण्णा त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. 'काढ' म्हणायला अण्णांनाही कुणी अडवलं नव्हतं. शब्द ओठांपर्यंत आला होता. पण राग म्हणत होता, आधी त्याच्या तोंडून वदव.

"तुमचं! तुमचंच आहे, अण्णा! मी बदललं! काढा आता ते!"

बिराप्पाने सांडशी खाली ठेवली. "पाणी झालं."

लोकांत एकच गलका उठला. "अण्णांचं खरं निघालं!" "चोर सापडला!" मघाशी माना डोलावणारे आता अण्णांची पाठ थोपटत होते. जिंकलं म्हणे म्हातारं. अण्णांनी त्यांचे हात झटकून टाकले. जगात मोजकी उरलेली ती चीज, आणि तिच्या पाण्यासमोर उभं राहून हे टाळ्या पिटत होते! पाठोपाठ स्वतःवरचा राग आला, आणि तो सगळ्यांत वाईट होता, कारण तो झटकता येईना. सुमंताने नाणं चोरलं होतं. आटवलं अण्णांनी.

बिराप्पाने रस ओतला, गार केला, छिन्नीने मधोमध तोडला आणि दोन तुकडे फळीवर ठेवले. सुमंताने आपल्या तुकड्याला हात लावला नाही. तो दुकानाच्या पायरीवर बसून रडत होता, तोंड न झाकता, अगदी मोठ्याने. लोकांना वाटलं, अब्रू गेली म्हणून रडतोय.

तो कशासाठी रडतोय हे त्या पेठेत एकट्या अण्णांना कळत होतं. त्याला लाथ घालावी म्हणून ते पायरीपर्यंत गेले. पाय उचलला गेला नाही. ते त्याच्याशेजारी खाली बसले, आणि या माणसाखेरीज आपलं दुःख कुणालाच कळणार नाही, याचा त्यांना इतका संताप आला की त्यांचेही ओठ थरथरू लागले.