ओळखू येईल असा फोटो

तिने माउसने सासऱ्यांच्या चेहऱ्याभोवती चौकट आखली आणि बटण दाबलं. पडद्यावर एक गोल फिरू लागला. मागे उभ्या असलेल्या नणंदेने तिची खुर्ची दोन्ही हातांनी गच्च धरली होती.

सासरे सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडले, ते दुपार झाली तरी परतले नव्हते. अलीकडे त्यांना घरचा रस्ताही अधूनमधून परका वाटायचा. पोलीस चौकीवरच्या हवालदाराने हल्लीचा फोटो मागितला आणि घोडं तिथेच अडलं. जुन्या फोटोंचा ढीग होता, पण त्यांतले सासरे अंगाने भरलेले, मिशीवाले. आजारपणानंतर ते निम्मे झाले, मिशी गेली, आणि कॅमेरा दिसला की तोंड फिरवू लागले. तिच्याकडे एकच फोटो होता. संध्याकाळच्या कमी उजेडात, गॅलरीत मान वळवता वळवता टिपलेला, हललेला.

ती तशी हौशी फोटोग्राफर. एरवी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी, आणि सुटीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा. फोटोंवर काम करायला एखादं धड सॉफ्टवेअर विकत घ्यावं म्हणून तिने दोन सॉफ्टवेअर आधी फुकट वापरून बघायला घेतली होती. एक सगळं आपणहून करायचं. दुसऱ्यात एकेक गोष्ट हाताने करावी लागायची, आणि जे मुळात फोटोत नाही ते त्यातून काही केल्या निघायचं नाही. घ्यायचं ते पहिलंच, असं तिचं जवळजवळ ठरलं होतं.

गोल थांबला. स्वच्छ चेहरा उमटला. सुरकुत्या, पांढऱ्या भुवया, ओठांची कड, सगळं लख्ख.

“झालं,” नवरा म्हणाला. तो मघापासून दारात चपला घालूनच उभा होता. “पाठव आता.”

ती हलली नाही. आजारपणात सासऱ्यांची डावी पापणी उतरली होती, ती कायमची. पडद्यावरच्या माणसाचे दोन्ही डोळे टक्क उघडे होते. हनुवटीही रुंद झाली होती.

“हे बाबा नाहीत,” ती म्हणाली.

नणंदेने खुर्ची सोडली. “मग कोण आहेत?”

तिने समजावायचा प्रयत्न केला. याने चेहरा शोधला नाही ताई, मनाने रचला. नणंदेने ऐकून घेतलं नाही. बाप उन्हात कुठे भटकतोय आणि हिला आपल्या छंदाची चिकित्सा सुचतेय, असं भावाकडे बघून म्हणाली. इकडे तिने दुसरं सॉफ्टवेअर उघडलं. अंधार थोडा थोडा उचलत नेला. चेहरा पुसटच राहिला, वर दाणे दाणे दिसायला लागले. पण पापणीचा उतार दिसू लागला, पुढे झुकलेली मान दिसली, आणि पाठीमागून एका हाताने दुसरं कोपर धरायची त्यांची लकबही.

“हा तर कोणीही असेल,” नवरा म्हणाला.

चौकीवरून त्याला फोन आला तेव्हा तिला कळलं. ती नणंदेला समजावत असताना त्याने पडद्यावरचा पहिला चेहरा मोबाइलवर टिपून चौकीला, मित्रांना, सगळ्या नातेवाइकांना पाठवून दिला होता.

बसस्थानकावर एक म्हातारे गृहस्थ सापडले होते. अगदी फोटोतलेच, म्हणे. नणंदेला रडू कोसळलं. नवऱ्याने घरूनच, शोधायला बाहेर पडलेल्या मित्र-नातेवाइकांना कळवलं की बाबा मिळाले, परत फिरा. गाडीत तो एकदाच बोलला. “बघ,” एवढंच.

बसस्थानकावरच्या चौकशीच्या खोलीत बाकावर ते गृहस्थ बसले होते. दोन्ही डोळे टक्क उघडे, हनुवटी रुंद. हवालदाराने मोबाइल त्यांच्या चेहऱ्याशेजारी धरला. “बघा, हुबेहूब.”

“बाबा,” म्हणत नवरा पुढे झाला आणि हात तसाच हवेत राहिला.

ते गृहस्थ लगबगीने उठू लागले. “मला न्यायला आलात ना?”

नवरा भिंतीला टेकला. शोधायला गेलेली सगळी माणसं त्याच्याच शब्दावर घरी परतली होती.

ती तडक तिकीट खिडकीशी गेली आणि मोबाइलवर घेतलेला दुसरा फोटो आतल्या बाईंपुढे धरला. बाईंनी चेहऱ्याकडे फारसं पाहिलंच नाही. त्या उभ्या राहिल्या आणि स्वतःचा हात पाठीमागे नेऊन कोपर धरलं.

“असे उभे राहतात ना? इथून बस सुटत नाही अशा गावाचं तिकीट मागत होते. मग मागे आगाराकडे गेले.”

बस धुतात तिथे, शेडच्या सावलीत सासरे उभे होते. बूट चिंब, हात पाठीमागे. मुलाला पाहून ते शांतपणे म्हणाले, “किती उशीर केलास रे.”

नवऱ्याने वाकून त्यांच्या बुटांच्या ओल्या नाड्या सोडल्या. बराच वेळ तो मान वर करेना. नणंदेने वडिलांना हाताला धरून गाडीत बसवलं आणि हिच्याकडे एकदा पाहिलं. मग आपल्या शेजारची जागा पदराने पुसली.

ती बसली नाही. सवयीने खांद्यावर आलेली कॅमेऱ्याची पिशवी सावरत पुन्हा चौकशीच्या खोलीकडे गेली. ते गृहस्थ अजून बाकावरच होते. त्यांची चौकशी करायला कोणी आलं नव्हतं. सगळीकडे पाठवायला हवालदार त्यांचा फोटो काढू पाहत होता.

“थांबा, मी काढते.”

ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. पावलं वाजली, नवरा मागे येऊन उभा राहिला होता. गृहस्थांनी केसांवरून हात फिरवला, शर्टाचं वरचं बटण लावलं, आणि भिंगाकडे बघत हळूच विचारलं,

“ओळखू येईन ना मी?”

तिने कॅमेरा डोळ्याला लावला.

“अहो, उजेड अडतोय,” मागे न बघता ती म्हणाली.

नवरा बाजूला झाला. मग जाऊन त्याने खिडकीचं अर्धवट लोटलेलं दार पूर्ण उघडलं, आणि ते वाऱ्याने परत लोटलं जाऊ नये म्हणून हाताने धरून ठेवलं.