बाकाची दोन टोकं

सरकारी वकिलांच्या कचेरीत एकोणीस वर्षं फायली लावणाऱ्या बाईंना सगळे टाचणीबाई म्हणत. अल्पवयीनांच्या फायलीवर आधी फोटो टाचायचा, जबाब त्याखाली, ही तिथली रीत. वकीलसाहेब फोटो बघत, मग पानं उलटत; कधी पानं उलटायची राहूनच जात.

त्या सोमवारी दोन फायली आल्या. शाळेच्या ग्रंथालयात दोन मैत्रिणी एक लाकडी बाक उचलून नेत होत्या. हात निसटला, बाक काचेच्या कपाटावर आदळलं, काचा फुटल्या. एक टोक डॉक्टरांच्या गोऱ्या मुलीच्या हातात होतं, दुसरं इस्पितळात चादरी धुणाऱ्या बाईच्या मुलीच्या. ती काळी, तीन पिढ्यांपूर्वी बोटीनं मजुरीला आणलेल्या माणसांपैकी. ग्रंथपालानं दोघींची तक्रार केली होती आणि दोन्ही जबाबांत मजकूर अगदी एकच होता.

टाचताना फोन वाजला आणि बाईंच्या हातून फोटोंची अदलाबदल झाली.

दुपारी फायली परत आल्या. गोऱ्या चेहऱ्याखाली शेरा होता, "पोरवयातला निष्काळजीपणा. समज देऊन सोडावे." काळ्या चेहऱ्याखाली, "जाणूनबुजून नुकसान. खटला भरावा." बाईंनी शेऱ्याप्रमाणे दोन्ही घरी कागद धाडले, आणि नोंदवहीत नावं चढवताना फोटोंची अदलाबदल त्यांच्या ध्यानात आली. घरी गेल्यावर भाजी करपली. नवरा म्हणाला, "अगं, लक्ष कुठंय तुझं?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टर तणतणत आले. "माझ्या मुलीवर खटला? आणि ती दुसरी मोकळी?"

साहेबांनी फायली उघडल्या, फोटो नि नावं ताडून पाहिली आणि हसले. "काय हो टाचणीबाई, हा काय घोळ! शेरे बदलून आणा. पाच मिनिटांचं काम."

बाहेर त्या दुसऱ्या मुलीची आई बसली होती. हातात कालचा समजेचा कागद, तरी जिवाला स्वस्थता नव्हती. बाई कामावर येताना तिनं त्यांना अडवलं होतं. "ताई, हे बदलणार नाही ना? नर्सिंगला जागा मिळालीय तिला. खटला झाला तर गेली म्हणायची."

बाईंनी दोन्ही फायली पुढं ओढल्या. "फोटो बदलते साहेब. शेरे कसे बदलू?"

"म्हणजे?"

त्यांनी दोन्ही फोटो काढून टेबलावर पालथे ठेवले, नावांवर तळहात धरला आणि जबाब वाचले. एक वाचला, मग दुसरा. "आता सांगा. बाक एकच, टोकं दोन. यातलं गुन्हेगार कुठलं?"

"एकोणीस वर्षं तोंडातून शब्द नाही, आणि आज भाषण?" साहेब चिडले.

"तेच चुकलं माझं."

साहेबांनी पेन उघडलं, बंद केलं, परत उघडलं. मग दोन्ही फायलींवर "समज द्यावी" असं लिहून त्या ढकलून दिल्या. "झालं समाधान?"

बाईंनी बाहेर येऊन सांगितलं, "कायमची सुटली हो तुमची लेक."

आईनं डोळ्याला पदर लावला. मग हळूच म्हणाली, "माझा भाचा नव्हता सुटला, ताई. सायकल एका आजींना नुसती घासली होती. आजीच म्हणत होत्या, सोडा पोराला. शिक्षा झाली. शाळा सुटली ती सुटलीच."

"कधीची गोष्ट?"

"तीन वर्षं होतील."

म्हणजे त्याच्या फायलीवरचाही फोटो बाईंनीच टाचला होता. त्यांनी भाच्याचं नाव विचारून घेतलं. आत येऊन त्यांनी स्टूल ओढलं, वरच्या फळीवरचं त्या सालचं गाठोडं खाली घेतलं. साहेब ओरडले, "आता आणि काय?"

"वाचायचं राहिलंय, साहेब. एका पोराची शिक्षा फिरवायला न्यायाधीशांकडे अर्ज करायचाय, त्याआधी सगळं वाचायला हवं."

भाच्याची फाईल सापडली. फोटो वरच होता. टाचणी गंजून कागदात रुतली होती, निघता निघेना. बाईंनी नख घालून ती उपसली, फोटो बाजूला ठेवला आणि त्या मुलाचा जबाब पहिल्यांदाच, पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.