रशिदाचा चाळिसावा

इनामगावात माणूस कधी मेला ते लोक विसरतात, त्याच्या जेवणात मीठ कसं होतं ते विसरत नाहीत. अयुब शिंपी हे जाणून होता. नव्व्याण्णव साली त्यानं त्याचाच आधार घेतला.

त्याचा मुलगा अलीम संरक्षण खात्याच्या कारखान्यात निवडला गेला होता. पडताळणीच्या फॉर्मात एक रकाना होता, परदेशात राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकांचा. अलीमला एकच फूफी. अयुबची धाकटी बहीण रशिदा, एकवीस वर्षांपूर्वी लग्न होऊन कराचीला गेलेली.

"लिहू या, अब्बा," अलीम म्हणाला. "फूफीच आहे, चोरी नाही."

"तू एक ओळ लिहिशील, ते दहा वाचतील," म्हणत अयुबनं सोसायटीच्या चेअरमनचं, आनंदरावांचं घर गाठलं.

परिणाम दुसऱ्यानं भोगायचा असला की सल्ला लवकर सुचतो. आनंदरावांचा चहाही निवला नव्हता. "अयुबभाई, रकाना जित्या माणसांचा हाय. मेलेल्याला कोण इचारतंय?"

आठवड्यात गावभर झालं की रशिदा गेली. पत्र उशिरा आलं, म्हणून थेट चाळिसावाच, चाळिसाव्या दिवसाचं जेवणच, करायचा. दोन बकरी कापली, अर्धा गाव जेवला. रशिदाच्या वर्गातला गेणबा तीनदा जेवला आणि दोनदा रडला. "ती चिंचा पाडायची, मी येचायचो," म्हणाला. वाढता वाढता अयुबही रडला. त्यातलं खरं किती आणि गावाला दाखवायला किती, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

पुढं चौकशीला हवालदार आला. आनंदराव म्हणाले, "आवो, जेवलो की आम्ही तिचं." एवढ्यावर काम झालं. अलीम कामावर रुजू झाला.

रशिदाची पत्रं मात्र येतच राहिली, आता दौंडला, अयुबच्या मेव्हण्याच्या, अजीमच्या पत्त्यावर. ती इथल्याच शाळेत चौथी झालेली, मराठीतच लिही. अयुब एसटीनं दौंडला जाई, पत्र वाची आणि तिथंच ठेवून येई.

दोन वर्षांनी अलीम सुट्टीवर आला. जेवताना मान खाली घालून म्हणाला, "अब्बा, माझ्याबरोबरच्या एका पोराची मावशी लाहोरला आहे. त्यानं सरळ लिहिलं होतं. दोनदा बोलावलं, चार प्रश्न विचारले आणि घेतलं."

"मग आपणही आता लिहू."

"काय लिहिणार? मेलेली फूफी जिवंत झाली? ती असल्यामुळं नोकरी कदाचित गेली नसती. आता लपवल्यामुळं नक्की जाईल."

दोन हजार चार साली पत्र आलं.

"अयुबभाई, व्हिसा मिळेल असं दिसतंय. आल्यावर पोलीस ठाण्यात नाव नोंदवावं लागतं म्हणे, नोंदवू. एकदा घोड नदीत पाय बुडवायचेत. कुर्ता तूच शिव. जुन्या मापानं शिवू नकोस, मी बारीक झालेय. नवं माप खाली देते."

अयुबनं माप वाचलं. छाती तीस. लग्नाच्या वेळी छत्तीस होती. हे बारीक होणं साधं नाही, हे टेप धरणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही.

तरी अजीमच्या ओट्यावर बसून त्यानं उत्तर लिहिलं: घराचं काम काढलंय, पुढच्या वर्षी ये.

घराचं काम काढलेलं नव्हतं. पुढच्या वर्षी रशिदाच्या मुलाचं पत्र आलं. चार ओळींचं, उर्दूत. अजीमनं ते वाचून दाखवलं.

अयुबला बहिणीच्या नावानं लोक जेवू घालायचे होते. पण एका माणसाचा चाळिसावा दोनदा कसा करणार? शेवटी चाळिसाव्या दिवशी त्यानं आईची बरसी म्हणून सांगितलं आणि एक बकरं आणलं. फातिहा देताना मौलवींनी आईचं नाव घेतलं. अयुबचे ओठ दुसऱ्या नावानं हलले.

आनंदराव आले, गेणबा आला. अयुब स्वतः वाढत होता.

गेणबानं दोन घास खाल्ले आणि मान हलवली. "अयुबभाई, राग नको. पर रशिदाच्या जेवणाची चव न्हाई आली."

"व्हय," आनंदराव म्हणाले. "त्ये जेवण येगळंच व्हतं."

अयुब पातेलं घेऊन गेणबाच्या ताटाशी वाकला.

"तवा मीठ बरोबर पडलं होतं," तो म्हणाला, आणि गेणबाच्या ताटात आणखी एक पळी रस्सा वाढला.