टेबलावर बसलेली चप्पल

मी एक जुनी रबरी चप्पल आहे. आम्ही दोघी, पण डावी अबोल, म्हणून दोघींच्या वतीने मीच बोलते. आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते: मी चप्पल असले तरी अनवाणी माणसांच्या बाजूची आहे. कुणाला आवडो न आवडो.

कारखान्यात निळ्या रबराच्या तक्त्यातून मला कापलं. दहा नंबरचं माप, म्हणजे बहुतेकांना मोठंच. हस्तकला विद्यालयाने मला विकत घेतलं. तिथल्या प्राचार्य बाईंनी दारावर पाटी लावली होती, ‘अनवाणी प्रवेश नाही’. ज्याच्या पायात काही नसेल त्याने दरवानकाकांकडून मला मागून घ्यायचं आणि काम झालं की परत द्यायचं. मला कुणी पळवू नये म्हणून माझ्या टाचेवर पांढऱ्या रंगाने ‘परत करा’ असं लिहिलं. त्यामुळे मला घालून जो आत जाई, त्याच्या पायातली चप्पल उसनी आहे हे मागून येणाऱ्या सगळ्यांना वाचता येई.

सहा वर्षं मी ते काम केलं. गवंडी आले, सुतार आले, सुजलेल्या पायांची एक आजी आली. त्यांच्या भेगा आणि घट्टे मला तोंडपाठ झाले. पाण्याने मिनिटभरात स्वच्छ होणार नाही असा एकही पाय मी पाहिला नाही. एकदा एक साहेब मात्र शेणाने माखलेल्या बुटांनिशी थेट आत गेले, आणि दरवानकाकांनी त्यांना सलाम ठोकला. त्या दिवशी मला फार राग आला होता.

मग एक दिवस चिखलमावशी आली. गावाबाहेर तिचं माती मळण्याचं अंगण होतं. तीस वर्षं पायांनी माती तुडवत आलेली बाई, म्हणून लोकांनी गमतीने हे नाव पाडलेलं. विद्यालयाला मातीकाम शिकवणारं माणूस हवं होतं आणि तिला ती जागा मनापासून हवी होती. गुडघे थकत चालले होते. आपल्याजवळचं कुणाला तरी देऊन जावं, असं तिला वाटत होतं.

दरवानकाकांनी मला तिच्यापुढे ठेवलं. मावशी मुकाट्याने मला घालून फटक फटक करत मागच्या आवारात गेली. तिथे टेबलामागे प्राचार्य बाई आणि दोन परीक्षक बसले होते. समोर मातीचे दोन ढीग होते. भट्टीत टिकेल अशी माती कोणती, ते तिने ओळखायचं होतं. एका परीक्षकाने दुसरा ढीग बोटाने दाबून आधीच जाहीर केलं, “ही बघा, लोण्यासारखी!”

मावशी मला काढायला वाकली, तेवढ्यात प्राचार्य बाई म्हणाल्या, “चप्पल असू द्या. नियम आहे.”

ती माझ्यासकट मातीत उभी राहिली. दोन पावलं टाकली आणि थांबली.

“बाई, काही कळत नाही. जिभेवर फडकं बांधून मीठ चाखायला सांगताय तुम्ही.”

असं म्हणून तिने मला काढून टाकलं आणि ती मोकळ्या पायांनी माती तुडवायला लागली. दुसऱ्या ढिगात तिचा पाय अडला. अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत तिने एक पांढरा खडा वर काढला.

“चुनखडी आहे. आणखी असणार. यातलं भांडं भट्टीत टिकायचं नाही.”

परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. प्राचार्य बाई म्हणाल्या, “तुमचं ज्ञान मान्य आहे हो. पण इथे पाहुणे येतात, फोटो निघतात. शिक्षिका अनवाणी दिसली तर लोक म्हणतील, यांना साधी चप्पल परवडत नाही. आवारात तुम्हाला चप्पल घालावीच लागेल.”

“परवडते हो मला. घरी दोन जोड पडलेत. पण चप्पल घातली की पाय आळशी होतात.”

“मग कठीण आहे.”

मावशीने मला उचललं आणि टेबलावर, कागदांवर, नीट जोडीने ठेवलं.

“मग हिलाच ठेवून घ्या कामावर. माझे पाय मी घेऊन जाते.”

पायातली वहाण पायातच बरी, असं लोक म्हणतात. ते नेमकं कुणाला खाली ठेवण्यासाठी म्हणतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. त्या दिवशी मी टेबलावर बसले आणि साहेबांची तोंडं पहिल्यांदा समोरून पाहिली. तिघेही खाली बघत होते.

मावशीला खड्यासारखं बाजूला काढलं. चकचकीत बुटांचे एक मास्तर आले. दुसऱ्या ढिगातली माती गाडीभर येऊन पडली होती, तीच वापरली. मुलांनी आपापलं पहिलं भांडं घडवलं. भट्टी उघडली तेव्हा ऐंशीतली अकरा धड निघाली. चुनखडीने बुटांचा मान काही ठेवला नाही. मुलं हमसून हमसून रडली, आणि त्या रडण्याचं मला खरंच वाईट वाटलं.

मग प्राचार्य बाईंनी मास्तरांना काढलं आणि मावशीला शिकवायला बोलवण्यासाठी दरवानकाकांना पाठवलं. बरोबर पिशवीत मला दिलं!

मला पाहून मावशी खो खो हसली. “मास्तर बदलला, माती बदलणार, आणि चप्पल तीच?”

“माझी नोकरी आहे गं, ताई,” काका कळवळून म्हणाले.

“मुलांची भांडी फुटली म्हणून येते. पण अशीच येणार. तुम्ही धरा ती हातात.”

दारात प्राचार्य बाई उभ्या होत्या. त्यांनी मावशीच्या पायांकडे पाहिलं. “काका, यांना मागच्या दाराने घ्या.”

“नाही,” मावशी म्हणाली. “पुढच्या दाराने येईन, नाहीतर इथूनच माघारी.”

काकांनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग मला बगलेत मारून त्यांनी दाराची दुसरी फळीही उघडली. बाई बाजूला झाल्या. पुसलेल्या फरशीवरून मावशी आत गेली आणि मागे तिच्या रुंद पावलांचे ठसे राहिले.

त्यानंतर दारात कुणालाच मला घालायला सांगितलं नाही, म्हणून हल्ली मी बेकार आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या चपला आपल्या आत्मकथेच्या शेवटी म्हणतात, ‘आम्हाला जपा.’ मी म्हणणार नाही. तापलेल्या रस्त्यावर, काट्याकुट्यात ज्याला मी हवी असेन, त्याला मला खुशाल द्या. मी झिजेन आणि तक्रार करणार नाही. पण दारात आलेल्या माणसाला लाज वाटावी म्हणून मला त्याच्या पायात कोंबाल, तर लक्षात ठेवा, चप्पल चावते. आणि मी त्याला नाही, तुम्हाला चावेन.