शिळं चित्र

“चित्र तुटलं तरी चालेल पोरी, पण शिळं दाखवू नकोस.”

केबल अंथरणाऱ्या मामांचं हे बोलणं मी हसण्यावारी नेलं होतं. गाण्याच्या स्पर्धेचं थेट प्रक्षेपण होतं. रंगमंचासमोरच्या रुळावर कॅमेऱ्याची गाडी धावायची. मी ती बाहेरच्या व्हॅनमध्ये बसून, वायरलेसवर येणारं चित्र बघत चालवायची. मामांचं म्हणणं, सभागृह भरल्यावर कॅमेऱ्यापुढे टाळी वाजवून चित्र प्रत्यक्षापेक्षा किती मागे आहे ते परत मोजावं. मी दुपारी रिकाम्या सभागृहात मोजलं होतं. तेवढं पुरे, असं मला वाटलं.

लोक आले, शेकडो फोन सुरू झाले आणि चित्र फाटायला लागलं. दिग्दर्शक हेडफोनवर वैतागले. मी बफर वाढवला, म्हणजे चित्र थोडं साठवून मग दाखवायचं. चित्र न फाटता लोण्यासारखं सरकू लागलं. शाबासकीही मिळाली. ते पाऊण सेकंद मागे पडलंय, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पाळणाघराला सुट्टी, म्हणून नवरा लेकीला घेऊन पहिल्या रांगेत बसला होता. मी मुळातच घाबरट, लेक शिंकली तरी थर्मामीटर शोधणारी. त्यामुळे दर फेरीत कॅमेरा प्रेक्षकांकडे वळला की तिला चित्रात बघून घ्यायची. त्या फेरीतही ती बाबाच्या मांडीवर दिसली आणि मी गाडी जोरात सोडली.

हेडफोनमध्ये आधी मामांचा आवाज आला, “थांबव!” पडद्यावर लेक अजून मांडीवरच होती. मग ती घसरून उतरली, पडलेला बूट उचलायला रुळावर वाकली, आणि आडवा आलेला मामांचा हात दिसला. माझं बटण दाबून होईपर्यंत तिकडे सगळं घडून गेलं होतं.

लेकीला ओरखडाही नव्हता. मामांचं मनगट मोडलं. मी रडत दवाखान्यात गेले, तर म्हणाले, “रडतेस काय, तुझी गाडीपण वाकलीय.”

पुढच्या भागाआधी आम्ही कॅमेऱ्याला फोनच्या गर्दीपासून दूरची वेगळी फ्रिक्वेन्सी घेतली, अँटेना व्हॅनच्या टपावरून थेट रंगमंचावर नेला आणि बफर जेमतेम ठेवला. प्रेक्षक बसल्यावर मामांनी टाळीऐवजी प्लास्टरवर चमचा आपटला आणि आम्ही मोजलं. सेकंदाचा विसावा भागसुद्धा नाही. चित्र दोनदा तुटलं. दिग्दर्शकांनी कपाळाला आठ्या घातल्या. मी घातल्या नाहीत.

मामांना रुळाशी उकिडवं बसायला कुणी सांगितलं नव्हतं. गाडी अंधारात धावते, कुणीतरी चाकांकडे बघायला हवं, एवढंच त्यांचं म्हणणं. माझी लेक आज घरभर बागडतेय, ती त्यांच्यामुळे. ते एकटे राहतात. फोनवर “मजेत आहे” म्हणतात, पण परवा जाऊन पाहिलं तर एका हाताने डबा उघडत नाही म्हणून दुपारपासून उपाशी.

तुमच्या कामावरही न सांगता लक्ष ठेवणारं असं कुणीतरी असेल. फोन करून भागवू नका. आज त्यांच्या घरी जाऊन या. जेवलेत का, तेवढं विचारा.