शेजारच्या टेबलावरचं चीज

"काकू, तुम्हालाच यावं लागेल. शेजारचं टेबल तुमचं," असं बाजाराचे सेक्रेटरी म्हणाले, आणि जॅमकाकूंच्या हातातलं झाकण बरणीवर वाकडं बसलं.

शनिवारच्या या बाजाराचा नियम सगळ्यांना पाठ होता. जो बनवतो त्यानेच विकायचं; बाहेरून आणलेला माल सापडला की टेबल गेलं. तक्रार आली तर सेक्रेटरी त्या माणसाच्या घरी जाऊन बघणार आणि साक्षीला शेजारच्या टेबलवाल्याला नेणार. अकरा वर्षांपूर्वी सभेत याला पहिला हात काकूंनीच वर केला होता. तक्रारपेटीत चिठ्ठी टाकताना मात्र त्यांना ते आठवलं नाही. डोक्यात राग शिरला की माणसाला स्वतःचं नाव आठवायची पंचाईत, तिथे नियम कुठले आठवणार!

होय, चिठ्ठी त्यांचीच होती. डाव्या हाताने, तिरप्यातारप्या अक्षरात लिहिलेली.

शेजारचं टेबल कंपाउंडरांचं. दवाखान्यात तीस वर्षं औषधाच्या पुड्या बांधून निवृत्त झालेला, नाकासमोर चालणारा माणूस. सहा महिन्यांपूर्वी ताज्या चीजच्या गोल वड्या घेऊन आला, तेव्हा काकूंनीच त्याला आपली जादा छत्री दिली होती. पण मग लोक त्याच्यापुढे रांग लावू लागले. काकूंची जुनी गिऱ्हाइकं बरणी हातात घ्यायची, झाकणावरची तारीख वाचायची आणि "पुढच्या वेळी नक्की" म्हणत पलीकडे सरकायची. काकू त्याला पाण्यात पाहू लागल्या. पाहता पाहता त्यांना एक गोष्ट खटकली: त्याच्या सगळ्या वड्या एकसारख्या. काकूंच्या दोन बरण्यासुद्धा कधी एका उंचीला भरल्या नव्हत्या. हाताने केलेली वस्तू थोडी इकडेतिकडे होणारच. म्हणजे हा कारखान्यातून आणतो आणि कागद बदलतो. एकदा असं ठरल्यावर पुरावे काय, पावलापावलाला सापडतात.

रविवारी सकाळी सेक्रेटरींच्या मागे काकू कंपाउंडरांच्या घराचा जिना चढल्या. मनात एक आशा होती. याला रंगेहाथ पकडलं तर आपण खऱ्या ठरू. ही आशा आठवली की पुढे कितीतरी दिवस त्यांना स्वतःची किळस यायची.

दार कंपाउंडरांच्या बायकोने उघडलं. काकूंना बघून तिचा जीव भांड्यात पडला. "तुम्ही आलात ते बरं झालं हो," ती म्हणाली. "परवापासून यांना झोप नाही. कोण लिहितं असलं? निदान साक्षीला आपलं माणूस आहे." तिने चहा दिला, वर बशीत बिस्किटं. काकूंनी बिस्कीट घेतलं आणि ते तोंडात फिरत राहिलं.

स्वयंपाकघर एवढंसं. शेगडीवर दुधाचं मोठं पातेलं, ओट्यावर भोकांचे साचे ओळीने मांडलेले. कंपाउंडरांनी पांढरा डगला चढवला, नखं दाखवावीत तसे धुतलेले हात सेक्रेटरींपुढे धरले आणि कामाला लागले. दूध फाटलं, पाणी सुटलं. डावाने एकेक साचा भरत ते पुढे सरकत गेले; मागे वळून बघणं नाही, काढघाल नाही. सेक्रेटरींना राहवलं नाही. त्यांनी तीन वड्या साच्यातून काढून काट्यावर ठेवल्या. तिन्हींत मिळून दोन ग्रॅमचा फरक.

"पुडीत औषध कमीजास्त झालेलं चालायचं नाही," कंपाउंडर जरा ओशाळून म्हणाले. "हाताला तीच खोड लागलीय."

काकूंना वाटलं, धरणी दुभंगावी. ज्या गोष्टीवरून त्यांनी या माणसाला चोर ठरवलं होतं, ती त्याची तीस वर्षांची नोकरी होती.

सेक्रेटरींनी तक्रारीची चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि शेजारी कोरा कागद. "अहवाल तुम्हीच लिहा काकू, तुमचं अक्षर मोत्यासारखं." काकूंनी लिहिलं. सर्व माल हे स्वतः घरी, स्वतःच्या हाताने बनवतात, तक्रार खोटी आहे. 'खोटी' लिहिताना पेन अडलं, पण लिहिलं. खाली सही केली, तारीख घातली आणि तारखेभोवती चौकोन काढला. अकरा वर्षं प्रत्येक झाकणावर त्या असाच चौकोन काढत आल्या होत्या, उजवी बाजू जरा जास्त खाली ओढून.

शेजारच्या चिठ्ठीवरही तारीख होती. डाव्या हाताने काढलेल्या चौकोनात. त्याचीही उजवी बाजू खाली ओढलेली.

सेक्रेटरी बिस्कीट चहात बुडवण्यात गुंग होते. कंपाउंडर मात्र बघत होते. डॉक्टरांची अक्षरं लावण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला हे किती वेळ लागणार? त्यांनी दोन्ही कागद पाहिले, मग काकूंकडे पाहिलं. काकूंची नजर टेबलावरून उठेना.

"ही चिठ्ठी माझ्याकडे राहू द्या," कंपाउंडर सेक्रेटरींना म्हणाले. "दप्तरात कशाला असली घाण?" सेक्रेटरींची काहीच हरकत नव्हती. कंपाउंडरांनी चिठ्ठीची घडी घातली, चौकोन आत जाईल अशी, आणि डगल्याच्या खिशात टाकली.

निघताना बायकोने काकूंच्या हातात दोन वड्या कोंबल्या. सेक्रेटरी अर्धा जिना उतरून गेले होते. कंपाउंडर दारापर्यंत आले आणि आत ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "शंका होती तर मला विचारायचं ना बाई. हाताच्या अंतरावर तर उभा असायचो."

इतके दिवस ते त्यांना काकू म्हणायचे. काकूंना माफी मागायची होती. शब्दही जुळवले होते, पण तोंडातून "येते" एवढंच बाहेर पडलं.

पुढच्या शनिवारी शेजारचं टेबल रिकामं होतं. कंपाउंडरांनी पार दुसऱ्या टोकाला, फाटकाजवळ जागा मागून घेतली होती. इथे ऊन येतं, चीजला सोसत नाही, असं सगळ्यांना सांगितलं. छत्री काकू येण्यापूर्वीच त्यांच्या टेबलाला टेकून ठेवलेली होती, पुसून, दोरी बांधून.

दहाच्या सुमाराला एक बाई पिशवी घेऊन आली. पहिल्यांदाच आलेली दिसत होती. "इथे चीज मिळतं म्हणे?"

"तिकडे शेवटी, फाटकाजवळ," काकू म्हणाल्या.

"घरचं असतं ना खरंच? हल्ली काही सांगता येत नाही हो."

"त्यांच्या घरी जाऊन पाहिलंय मी," काकू म्हणाल्या. "स्वतः करतात."

"मग तुमच्या शब्दावर घेते हं," बाई हसून म्हणाली आणि फाटकाच्या दिशेने चालू लागली. काकू खुर्चीवर बसल्या. समोर कुणीतरी बरणीची किंमत विचारत होतं, आणि त्यांना मान वर करवेना.